आडनावाखालची रेघ

आमच्या ऑफिसचा कारभार आता सून बघते. तिनं परवा जुना बोर्ड उतरवला आणि नवा लावला. जुन्यावर 'घर, जागा, प्लॉट' एवढंच होतं, तेही अर्धं पुसलेलं. नव्यावर 'प्रॉपर्टी मॅनेजमेंट' असं ठळक आलंय. बोर्ड लावून झाल्यावर तिनं माझ्यापुढं कागद-पेन ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, घरमालक सारखे विचारतात, एजंट आणि मॅनेजर यात फरक काय. तुम्ही चार ओळी लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलंय, तसंच छापून घेते."

दोन दिवस झाले, कागद कोराच आहे. फरक मला माहीत नाही असं नाही. तो मला एका माणसानं फार वर्षांपूर्वी माझ्याच दुकानात उभं राहून सांगितला होता. अडचण अशी, की त्या माणसाची आठवण काढायची म्हटलं की मला स्वतःचीही आठवण काढावी लागते, आणि ती मला नको असते.

गाव त्यांना चावीवाले मामा म्हणायचं. लातूर जिल्हा नवानवा झाला होता तेव्हाची गोष्ट. रोज एसटीतून नवा साहेब उतरायचा, त्याच्यामागं कारकून, शिपाई, मास्तर, नर्सबाया. ऑफिसं जिनिंगच्या गोदामात भरत होती आणि माणसांना राहायला खोल्या मिळत नव्हत्या. लोकांनी गोठ्याला चुना मारून तो भाड्यानं दिला, असे दिवस. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. बसस्टँडमागं एक पत्र्याचं शेड घेतलं, बोर्ड रंगवला, रबरी शिक्का करून घेतला आणि एजंट झालो. किरायदार आणायचा, मालकाला भेटवायचा, एका महिन्याचा किराया खिशात घालायचा, की माझं काम संपलं. पुढं छप्पर गळो की भांडण होवो, मी त्या गल्लीतून जातसुद्धा नसे.

मामा मात्र त्या गल्लीतूनच जायचे. लातूर सोडून हैदराबादला, पुण्याला गेलेल्या सात मालकांची सात घरं त्यांच्याकडं सांभाळायला होती. उन्हाळ्यातसुद्धा अंगात बंद गळ्याचा जाड कोट. कोटाला डाव्या बाजूनं आतून एक खादीची पिशवी शिवलेली आणि तिच्यात चाव्या. त्या वजनानं माणूस डावीकडं कललेला. उजव्या खिशात एरंडेलाची बाटली आणि कोंबडीचं पीस. कुठल्याही दाराशी उभे राहिले, की बोलता बोलता पीस तेलात बुडवून बिजागरीवर फिरवायचे. ते दार आपल्या सात घरांपैकी आहे का नाही, हेही बघायचे नाहीत. एकदा कचेरीत तहसीलदारांच्या केबिनचं दार असंच तेल लावून गप्प केलं. तहसीलदार म्हणे दोन दिवस दचकत होते, कारण माणूस आत आलेला त्यांना कळेनासा झाला.

माझ्या शेडवर ते पहिल्यांदा आले ते बोर्ड वाचायला. वाचून झाल्यावर म्हणाले, "एजंट म्हंजी करतो काय तू?"

"घर किरायानं लावून देतो."

"अन मंग?"

"मग काय, झालं."

"हां," मामा म्हणाले, "म्हंजी लगीन लावणारा भटजी हायस. नांदवायचं कोनी?"

मी हसलो. मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. मामा गंमत करत नव्हते. त्यांनी बाकड्यावर बसून समजावलं, "हे बग. किरायदार बदलला की तुझं पोट भरतंय. किरायदार टिकला की माझं. तू दर साली नवा मानूस आनशील तवा तुला बरकत. मी पाच साल एकच मानूस ठेवला तर मला बरकत. मालकाला वाटतंय दोघं एकाच धंद्यातले. तसं न्हाई."

"म्हणजे तुम्ही मुख्त्यार."

"मुख्त्यार सही करतो. मी सही करत न्हाई. मी निगरान हाय."

निगरान म्हणजे राखणदार, पण हा शब्द ते असा म्हणायचे, की जणू कलेक्टरच्या वरची जागा. त्या दिवसापासून मला दिसलं की विचारायचे, "काय एजंट, किती लगनं लावली आज?" मला तेव्हा राग यायचा. आज माझी सून जे काम मोठ्या अक्षरात बोर्डावर लिहून करते, तेच हा माणूस कोटाच्या अस्तरात घेऊन हिंडत होता.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. घर रिकामं आहे, असं ते कधी म्हणायचे नाहीत. 'घर वाट बगून राहिलंय' म्हणायचे. वाट बघणाऱ्या घरात आठवड्यातून एकदा जाऊन तासभर बसायचे. आत जाण्यापूर्वी उंबऱ्याबाहेर खाकरायचे आणि "आलो बरं का" म्हणायचे. खिडक्या उघडायचे, नळ सोडून एक पेला पाणी प्यायचे, मग भिंतीला पाठ लावून गप्प बसायचे. मी एकदा सोबत गेलो होतो. अर्ध्या तासानं कंटाळून विचारलं, मामा, करायलात काय? म्हणाले, "ऐकायलाव. वाळवी लागली तर आवाज येतोय." मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी त्या खोलीची चौकट काढायला सुतार आणला आणि चौकट आतून भुसा झालेली निघाली.

महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक मालकाला एक पोस्टकार्ड. मजकूर तीन वाक्यांचा. 'घर सुखरूप. न्हाणीची मोरी साफ केली. लिंबाला मोहोर आला.' किरायदार असला तर चौथं वाक्य, 'माणसं सुखरूप.' यापलीकडं अक्षर नाही. माणसं कोण, कुठली, कशी, याचा मालकांशी संबंध नाही असं त्यांचं मत होतं.

आणि किरायदार निवडायची रीत. आम्ही एजंट लोक पहिला प्रश्न एकच विचारायचो, आडनाव काय. ते कळलं की निम्मं काम व्हायचं. नुसत्या आडनावावरून पत्ता लागला नाही तर 'गाव कोणतं, कोणापैकी' असं खोदत जायचं. मालकांना तेच हवं असायचं, आणि मालकाला काय हवं ते आधी ओळखणं म्हणजे हुशारी, असं मी समजत होतो. मामा आडनाव विचारायचे नाहीत. नव्या माणसाच्या हातात घराचं कुलूप आणि चावी द्यायचे आणि म्हणायचे, "लावून दाखवा." माणूस कुलूप लावायचा. मामा त्याच्या हाताकडं बघत राहायचे. लावल्यावर ज्यानं कुलूप एकदा ओढून बघितलं त्याला घर. जो लावून चालता झाला, त्याला "दुसरीकडं बगा, साहेब." एका इंजिनिअरला त्यांनी असं परत पाठवलं. तो माझ्याकडं येऊन चिडून म्हणाला, हा म्हातारा वेडा आहे का? मी म्हणालो, हो.

स्वतः मामा गिरणीमागच्या एका खोलीत एकटे राहायचे. त्या खोलीच्या दाराला कुलूप नव्हतं. कडीला सुतळी बांधलेली असायची.

आता त्या बाई.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नव्यानं रुजू झाल्या होत्या. माहेर लोह्याकडचं. नवरा मुदखेडला रेल्वेत, शनिवारी यायचा. दोन मुली, थोरली आठवीत. दवाखान्यातल्या कोणीतरी माझा पत्ता दिला म्हणून त्या आधी माझ्याकडं आल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, तिच्यात रुजू होण्याचा कागद. मी बसा म्हणालो, आणि नेहमीप्रमाणं विचारलं. त्यांनी आडनाव सांगितलं. मी वहीत बोट फिरवल्यासारखं केलं आणि म्हणालो, "सध्या घर नाही, बाई." वहीत तेव्हा चार घरं होती. त्या "बरं" म्हणाल्या आणि उठल्या. त्यांना ते 'सध्या' ठाऊक होतं. बौद्ध माणसाला ते प्रत्येक गावात कोणीतरी ऐकवलेलं असायचं.

ते आडनाव मी इथं लिहीत नाही. मी ते एकदा लिहिलंय, तेवढं पुरे.

मामा तेव्हा शेडबाहेर बाकड्यावर बसले होते. बाई बाहेर पडल्या तसे तेही उठले. शेडच्या पत्र्याला कान नसतात, आतलं बोलणं त्यांना ऐकू गेलं नसणार, असं मी धरून चाललो. पुढं कितीतरी वर्षं धरून चाललो. मामा बाईंना हैदराबादच्या मालकांच्या घराकडं घेऊन गेले. चार खोल्यांचं घर, मागं अंगण, अंगणात लिंब आणि आड. बाईंनी कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. हे मला मामांनीच मागाहून सांगितलं. "दोनदा, एजंट. माझ्या उमरीत एकदा वढनारे लई बगितले."

ते घर नांदू लागलं. मामांचाच शब्द. बाईंनी खिडक्यांना पडदे लावले, थोरलीनं ओट्यावर अभ्यासाची जागा केली, धाकटीनं अंगणात गुलबाक्षी लावली. दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. नगरपालिकेचा नळ आधी एक दिवसाआड, मग चार दिवसांआड, मग टँकर. टँकर गल्लीत आठवड्यातून एकदा यायचा आणि त्या दिवशी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. पण त्या आडाला पाणी होतं, कारण मामा दर उन्हाळ्यात त्याचा गाळ काढून घ्यायचे. मालक म्हणायचे, नळ असताना गाळ कशाला? मामा ऐकायचे नाहीत.

त्या उन्हाळ्यात मामांनी अंगणाचं मागलं फाटक गल्लीसाठी उघडं केलं. दर घराला दोन घागरी, सकाळी सहा ते आठ. बाई ड्यूटीला जाण्यापूर्वी स्वतः रहाटावर उभ्या राहायच्या. म्हाताऱ्यांचं पाणी त्या शेंदून द्यायच्या, शाळेला जाईपर्यंत थोरलीही हात लावायची. पहिले चार दिवस गल्लीतल्या काही घागरी आल्या नाहीत. का आल्या नाहीत ते सगळ्यांना माहीत होतं. पाचव्या दिवशी सगळ्या आल्या, आणि मग पाऊस पडेपर्यंत येत राहिल्या. कोणी एक शब्द बोललं नाही. निदान मामांसमोर नाही.

पुढच्या वर्षीही पाऊस जेमतेमच झाला. तेव्हा एका बँकेला आपल्या मॅनेजरसाठी घर हवं होतं. आड असलेलं, पाण्याची ददात नसलेलं. बँक म्हणजे मोठं गिऱ्हाईक. एका मॅनेजरला घर दिलं की पुढचे सगळे माझ्याचकडं येणार. मी मामांकडं गेलो. म्हणालो, बाईंना दुसरीकडं बघू, हे घर बँकेला देऊ.

मामा रहाटाला तेल घालत होते. "नांदत्या घरातून सून काडतात का रं?"

"मामा, मालकाचा फायदा आहे."

"मालकाचा फायदा आडात हाय. तू वाकून बग, दिसंल."

मी वाकून बघितलं नाही. शेडवर आलो, एक पोस्टकार्ड काढलं आणि हैदराबादला मालकांना लिहिलं. 'आपल्या घरात कोण राहते हे आपणांस माहीत असावे म्हणून कळवितो.' त्याखाली बाईंचं आडनाव लिहिलं. आणि आडनावाखाली रेघ मारली. पट्टी ठेवून मारली, सरळ यावी म्हणून. खाली सही केली आणि शिक्का उठवला, कारण मालकांनी पुढचा व्यवहार माझ्याशी करावा असं मला वाटत होतं. निनावी लिहिलं असतं तर मी भित्रा ठरलो असतो. मी भित्रा नव्हतो. मी जे केलं ते माझ्या नावानं आणि पत्त्यासकट केलं, आणि पेटीत टाकताना मला काही वाटलं नाही. ही गोष्ट मला आज सर्वांत जास्त टोचते. वाईट वाटून केलं असतं तर निदान तेवढं तरी सांगायला असतं.

मालक आठ दिवसांत आले. सभ्य माणूस. आवाज चढवला नाही. बाई ड्यूटीवर, मुली शाळेत, अशी वेळ बघून आले. अंगणात मामा होते, मालकांनी मलाही बोलावून घेतलं होतं.

"माझं स्वतःचं काही नाही हो," मालक म्हणाले. "पण घरात देवघर आहे. वडिलांच्या हातचा आड आहे. गल्लीतले लोक काय म्हणतील?"

"गल्ली सबंध उन्हाळा त्यांच्या हातचं पानी पिऊन राहिली, मालक," मामा म्हणाले. "काय म्हनून राहिली ते म्या ऐकलं न्हाई."

"तुम्ही मला कळवायला हवं होतं."

"कळवलं की. मानसं सुखरूप, म्हनून."

मालकांनी खिशातून माझं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. मामांनी ते लांब धरून वाचलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अक्षर चांगलं हाय." आणि कार्ड परत दिलं.

मालकांनी पंधरा दिवसांत घर मोकळं करायला सांगितलं. मामा म्हणाले, "किरायदार म्या ठेवले. त्यास्नी उठवनं माझ्यानं व्हनार न्हाई. चावी घ्या. ते काम एजंटाला सांगा."

म्हणून ते मला करावं लागलं. संध्याकाळी गेलो. बाई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या, पायात चप्पल तशीच. थोरली ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती, दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. मी म्हणालो, "मालकांना स्वतःला राहायला यायचंय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "पोरीची परीक्षा होईस्तर थांबतेत का, इचारा की. महिन्याचाच सवाल हाय."

"विचारलं. जमत नाही म्हणाले." मी विचारलं नव्हतं.

"मालक खरंच यायलेत राहायला?"

"हो."

"मंग आडावर झाकन बसवून घ्या म्हनावं," बाई म्हणाल्या. "लेकरं असतील त्यांची."

थोरली पुस्तकातून वर बघत होती. तिला काही विचारायचं उरलंच नव्हतं, असं तिच्या तोंडावरून दिसत होतं. मी उंबऱ्यावरून मागं फिरलो आणि रस्त्यानं चालताना स्वतःला सांगितलं, की मामांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं, ते फसले, मी फक्त खरं काय ते कळवलं. हे मी पुढंही बरीच वर्षं सांगत होतो. कोणी न विचारता सांगत होतो.

बाराव्या दिवशी त्या गेल्या. दवाखान्यापलीकडं कुठल्याशा पत्र्याच्या खोलीत, जिथं टँकरही जात नव्हता. जाताना कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि चावी मामांच्या हातात दिली. मी समोरच्या पानपट्टीवर उभा होतो. तिथून दिसत होतं.

मामांनी घर माझ्या हवाली करायला दोन दिवस घेतले. मला वाटलं होतं चावी फेकतील. त्यांनी मला खोलीखोलीतून फिरवलं. ही खिडकी पावसाळ्यात फुगते, ओढायची नाही, उचलायची. या फरशीखाली मोरीचा वाकडा पाइप आहे. लिंबाची मुळं भिंतीकडं सरकतायत, दोन वर्षांनी बघ. आडाचा गाळ वैशाखात, पाणी सगळ्यात खाली गेलं की, आधी नाही. गाळ काढणाऱ्यांची नावं. त्यांना जेवण घरचंच द्यायचं. मी हो हो करत होतो, आणि वाट बघत होतो, की आता शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो.

शेवटी फाटकाशी थांबून एवढंच म्हणाले, "कारडात जागा कमी असतीय, एजंट. रेघ मारायला कामून घालवली?"

ते थोडा वेळ थांबले, खरोखर उत्तर हवं असल्यासारखे. मग फाटकाच्या बिजागरीला तेल लावलं आणि गेले.

त्यानंतर त्यांनी उरलेल्या सहा मालकांना स्वतःच कार्डं लिहून चाव्या परत केल्या. 'मी एक घर राखू शकलो नाही, माझ्यावर भरोसा ठेवू नका,' असं कळवलं म्हणे. हळूहळू त्यातली पाच घरं माझ्याकडं आली. मामा मुरुडला बहिणीकडं निघून गेले.

माझ्याकडं आलेल्या चाव्यांच्या जुडग्यात प्रत्येक चावीला मामांनी कापडाची चिंधी बांधलेली होती. त्या मला गावंढळ वाटल्या. मी कात्रीनं कापल्या, एका बिस्किटाच्या डब्यात टाकल्या आणि चाव्यांना नंबर घातलेले पितळी बिल्ले लावले. चिंध्यांवर मालकांची नावं असतील, असं मी समजलो. वाचून बघितल्या नाहीत.

त्या घरात बँकेचे मॅनेजर आले. त्यांनी आडात मोटार सोडली आणि मागलं फाटक आतून बंद केलं. गल्लीतल्या बायका माझ्या शेडवर आल्या. म्हणाल्या, फाटक उघडायला सांगा. मी म्हणालो, मी एजंट आहे, फाटकाचं माझ्याकडं नाही. एक म्हातारी होती, बाईंनी जिचं पाणी रोज शेंदून दिलेलं. ती म्हणाली, "मंग कोनाकडं हाय?" मी सांगू शकलो नाही, कारण ते आता कोणाकडंच नव्हतं. गाळ निघाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मोटारीनं चिखल ओढला आणि बंद पडली. मॅनेजरांची बदली झाली. मालकांनी हैदराबादहून विचारलं, घर कसं आहे? मी शेडमध्ये बसूनच कार्ड लिहिलं. 'घर सुखरूप.' मामांचे शब्द मी चोरले, आणि तेही घर न बघता. दोन पावसाळ्यांनी लिंबाकडची भिंत बसली. मालकांनी जागा विकली. विकून मीच दिली.

बाई मला आणखी एकदा भेटल्या. बऱ्याच वर्षांनी नांदेडला. आईचं ऑपरेशन होतं, आणि वॉर्डातल्या सिस्टर त्याच निघाल्या. केस पिकलेले, चष्मा. मला बघताक्षणी ओळखलं. मी ओळख न दिल्यासारखं करून औषधं आणायला बाहेर पडलो आणि तासभर खालीच उभा राहिलो. वर गेलो तर आईचं डोकं धरून तिला पाणी पाजत होत्या. आठ दिवस त्यांनी आईचं सगळं केलं. निघायच्या दिवशी विचारलं, "मामा कसे हायत?"

"गेले," मी म्हणालो. "मुरुडला. गेल्या वर्षी." मला ते गेल्याचं वेळेवर कळलं होतं. मी गेलो नव्हतो.

त्यांनी ट्रेमधल्या औषधाच्या बाटल्या सारख्या केल्या. मग मीच धीर करून थोरलीचं विचारलं.

"तिचं एक वरीस गेलं त्या साली," बाई म्हणाल्या. "मंग झाली पास. आता लोह्याला शाळंवर हाय." आवाजात काही नव्हतं. बाहेरच्या हवेबद्दल बोलावं तशा बोलल्या. मग म्हणाल्या, "त्या आडाला पानी हाय का अजून?"

मी म्हणालो, "हाव. हाय."

"बरं झालं," बाई म्हणाल्या.

आड तेव्हा बुजवून त्यावर जिना आला होता.

हे सगळं चार ओळींत कसं बसवायचं, म्हणून काल कपाटात जुने कागद शोधत होतो, तेव्हा तो बिस्किटाचा डबा सापडला. टोपण गंजून बसलं होतं. सूनबाईनं चमच्याच्या दांड्यानं उघडलं. आत चिंध्या. काही गळून गेल्या होत्या, दोन-तीन वाचता येत होत्या. मालकांची नावं नव्हती. आत राहणाऱ्यांची होती. प्रत्येक चावीला त्या घरात नांदणाऱ्या माणसाचं नाव.

एका चिंधीवर शाई फिकट झाली होती पण अक्षर शाबूत होतं. सूनबाईनं ती खिडकीकडं धरून मोठ्यानं वाचली. बाईंचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मामांनी कधी न विचारलेलं आडनाव. खाली घर दिल्याचा महिना. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पत्र्याला कान होते. त्यांनी ते ऐकलं, उठले, बाईंच्या मागं गेले आणि जाड कापडावर सगळंच्या सगळं लिहून ठेवलं. मी इतकी वर्षं ज्या एका खुलाशावर उभा होतो, तो त्या चिंधीएवढाही टिकला नाही.

मी चिंधी हातात घेऊन बघितली. उलटी करून बघितली. आडनावाखाली रेघ नव्हती.

"कोण होत्या ह्या?" सूनबाईनं विचारलं.

"किरायदार," मी म्हणालो. तिनं चिंधी नीट घडी करून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि कोरा कागद पुन्हा माझ्यापुढं सरकवला.

"मग फरकाचं तेवढं लिहून देताय ना?"

"मी सांगतो," मी म्हणालो. "तू लिही. माझ्या अक्षरात नको."